पेडलवरचा ठोकळा

जीपच्या ब्रेकमधली हवा एकट्या माणसाला काढता येत नाही. गिअरबॉक्स छातीवर घेऊन एकट्याने बसवता येतो, मी बसवलाय. ब्रेकला मात्र दोघं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं होऊन हवा सोडायचं निपल सैल करायचं, हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत जाऊ द्यायचे, निपल घट्ट करायचं आणि मग ‘सोड’ म्हणायचं. त्याआधी पाय उचलला की हवा परत आत आणि सगळी मेहनत पाण्यात.

आमच्याकडे पेडलवर बायको बसायची.

डोंगरकडा गावाजवळच्या आमच्या अंगणात ही फोर बाय फोर जीप उभी आहे. लिलावात घेतली तेव्हा नुसता सांगाडा होता. नोकरीवरून आलो की मी तिच्याखाली शिरायचो, ते जेवायला हाक येईपर्यंत. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतायचे, पण चारही चाकांना जोर दिला की ही गुरगुरत शेतातल्या आखाड्यावरच्या गोठ्यापर्यंत जायची. बायको बुटकी. तिचा पाय पेडलला पुरेना, म्हणून मी पेडलवर लाकडी ठोकळा बोल्टने कसला. चपला खाली काढून ती अनवाणी बसायची. गाडीखालून ती मला दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. “धरलं.” जरा वेळाने, “सोडू का? भाजी लागून राहिली तिकडं.” आमचं निम्मं आयुष्य असंच बोलण्यात गेलं, ती वर आणि मी खाली.

ती वारली आणि गाडी उभी राहिली. मीही तसाच. दिवसभरात तोंडातून शब्द निघाला तर तो कुत्र्याला हाकलताना.

मग पुण्याहून मुलाचा फोन आला. “बाबा, ती गाडी भंगारात घाला आणि इकडं या.” माझं डोकं सटकलं. म्हटलं, दिवाळीला वारंगा फाट्यावर उतरशील तेव्हा ह्याच गाडीने घ्यायला येईन. नाही आलो तर खुशाल वीक. तो हसला. ते हसणं मला झोंबलं.

इंजिन महिनाभरात सुरू झालं. राहिले ब्रेक. ते उघडून नवी रबरं घातली, म्हणजे नळ्यांमध्ये हवा शिरलीच. गॅरेजला का नेत नाही, असं जो तो विचारायचा. बिनब्रेकची गाडी नेऊ कशी, असं मी म्हणायचो. खरं कारण वेगळं होतं. तिच्या जागेवर कुणी मेस्तरी पाय आपटत बसलेला मला बघवला नसता.

शेजाऱ्याला बसवून पाहिलं. ऐन वेळी त्याचा मोबाइल वाजला, त्याने पाय उचलला, मी शिव्या घातल्या. तेव्हापासून तो आमच्या फाटकावरून मान वळवून जातो. मग सीट आणि पेडलच्या मध्ये बांबू अडकवला. तो सटकला आणि ब्रेक ऑइल माझ्या डोळ्यात. तोंड धुऊन पायरीवर बसलो आणि रडलो. डोळे ऑइलने झोंबत होते, हे सांगायलाही जवळ कुणी नव्हतं.

दिवाळी दोन दिवसांवर आली. सोयाबीन निघालं की धनगराचं एक कुटुंब दरसाल आमच्या रानात मेंढ्या बसवतं. रानाला खत होतं, त्यांना ज्वारी. त्यातली म्हातारी पाण्याला आमच्या अंगणात यायची आणि बायकोच्या हातचा चहा घेऊन जायची. त्या दिवशी ती कळशी घेऊन आली.

“वहिनी कुठं हाय?”

“न्हाई राहिली ती,” मी म्हणालो.

तिने कळशी खाली ठेवली आणि जमिनीवरच बसली. पदर डोळ्याला लावला. भलतंच तोंडातून गेलं, “जरा पेडल दाबता का?”

तिने माझ्याकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं. “वहिनी बसायची तसं?” तिने हे कधीतरी पाहिलं असणार. उठली, पायताणं जीपखाली काढून ठेवली आणि आत चढली. तीही बुटकीच. ठोकळ्यामुळे पाय बराबर पोचला. दाबायचं कसं, सोडायचं कधी, हे मी एकदाच सांगितलं.

मागची दोन चाकं झाली. पुढचं डावं झालं. मध्येच तिचं कोकरू अंगणात घुसून माझ्या पायाशी हुंगायला लागलं, पण तिने पाय हलवला नाही. शेवटचं चाक तिच्या पायाजवळचं. बाटलीत नुसतं तेल येऊ लागलं, एकही बुडबुडा नाही. मी निपल घट्ट केलं. ब्रेक तयार झाले होते. मुलगा हरला होता, गाडी वाचली होती. आता इथे दुसऱ्या माणसाचं काहीच काम उरलं नव्हतं.

“भाऊ, सोडू का?” वरून आवाज आला.

पाना हातात धरून मी तसाच पडून राहिलो.

“धरा अजून जरा,” मी म्हणालो.