माहेरच्या नावाची फाईल

आमच्या बियाणे केंद्रात हरभऱ्याच्या प्रत्येक लॉटची उगवण तपासतात. निकाल संगणकात भरतात. ‘गाडीत भरण्याजोगे लॉट कोणते?’ हा प्रश्न आम्ही एकदाच लिहून साठवून ठेवला होता. अशा साठवलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. बटण दाबलं की यादी हजर. अशा चाळीसेक क्वेऱ्या होत्या, आणि त्या माझ्या ताब्यात.

पेरणीच्या तोंडावर मालकांनी नवी संगणक प्रणाली बसवली. तीन-चार दिवसांनी उगवण तपासणाऱ्या ताई यादी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

“दादा, ह्या लॉटला ओल लागली म्हणून पुन्हा तपासला. निम्मं बी उगवलं न्हाई. काल मीच नापास केला, आन् तुमची यादी त्याला पास म्हणायलीय!”

बाहेर राणीसावरगावची गाडी निम्मी भरली होती. हे बी गेलं असतं, तर तिकडे कुणाचं तरी रान रिकामं राहिलं असतं आणि पेरणीची वेळही निघून गेली असती.

शोधल्यावर कळलं. नव्या प्रणालीत निकालांच्या फाईलचं नाव बदललं होतं. जुन्या नावाची फाईलही तिथंच होती, पण बदलाच्या दिवशीच थांबलेली. तिच्यात त्या लॉटचा पहिला, पास झालेला निकाल होता, आणि आमची क्वेरी तिलाच विचारत होती. ही एक दुरुस्त करणं सोपं होतं. पण आणखी किती क्वेऱ्या त्या फाईलवर उभ्या आहेत? काही तर दुसऱ्या क्वेरीच्या आधारानं चालायच्या. त्यांच्यात फाईलचं नावच नसायचं. मी एकेक उघडून वाचत बसलो.

तेवढ्यात फोन वाजला. पालमहून एक म्हातारी कुणा मुलीला बोलवायला सांगत होती.

“या नावाचं इथं कुणी नाही,” मी म्हणालो.

“न्हाई कशी? माझीच पोरगी हाय, तुमच्यातच कामाला हाय!”

मी ते नाव मोठ्यानं विचारलं, तशा ताई धावत आल्या. “अहो, ती मीच! लग्नात नाव बदललं, पण आई अजून माहेरच्याच नावानं हाक मारती.”

बोलणं झाल्यावर त्या हसत म्हणाल्या, “बरं झालं, त्या नावाची दुसरी कुणी न्हाई इथं. न्हाईतर तुमी तिलाच फोन दिला असता आन् आईनं तिलाच घरचं सगळं सांगितलं असतं.”

मी खुर्चीत सरळ बसलो. आमचं नेमकं हेच झालं होतं. जुन्या नावानं हाक मारली की ओ द्यायला भलतंच कुणी बसलं होतं. मग त्याला उठवायचं!

सगळ्याची प्रत काढून ठेवली, जुनी फाईल तिथून हलवली आणि क्वेऱ्या एकामागून एक चालवल्या. जिचा जुन्या फाईलवर भार, ती क्वेरी ‘फाईल सापडत नाही’ म्हणून ओरडायची.

“ही बी माहेरचीच!” ताई टाळी वाजवायच्या.

वाचून मला सात सापडल्या होत्या, ओरडल्या अकरा. चूक दिसल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. अकराही नव्या फाईलला जोडल्या, यादी पुन्हा काढली, ताईंनी ती निकालांशी ताडून पाहिली. नापास लॉट यादीतून गेला होता.

त्याची पोती उतरवायला सांगितली तेव्हा ड्रायव्हर कुरकुरला. “चढवायची बी तुमी, उतरवायची बी तुमी. मला नुसतं उभं करायलात!”

“ऱ्हा की उभा जरा,” ताई म्हणाल्या, “तिकडं हरभरा उभा ऱ्हाईल.”

तो हसला आणि पोत्याला हात घालायला स्वतःच पुढं झाला.