पिवळ्या फडक्यातली तीन पाने

ती घटना आठवली की मला आधी माझे बूट आठवतात. एका दुकानाची झडती घेताना मी ते काढून बाजूला ठेवले होते. का काढले, ते पुढे येईलच.

तेव्हा मी कुंभकोणमला इन्स्पेक्टर होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते आणि गुडघे रोज त्याची आठवण करून देत. आमच्या घरात अजून तंजावरची जुनी मराठी बोलतात. स्टेशनातला कारभार अर्थातच तमिळमध्ये. सकाळची हजेरी, देवळांचा बंदोबस्त, दुपारी नवरा-बायकोची भांडणे, असा दिवस जायचा. खरे सांगायचे तर मी थकलो होतो.

एके दिवशी सकाळी एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची मुलगी चादरीत गुंडाळलेल्या चार फ्रेमा घेऊन आले. गृहस्थ आमच्यापैकीच, विठ्ठलभक्त घराण्यातले. मुलांच्या एका तमिळ मासिकासाठी त्यांनी आयुष्यभर चित्रकथा काढल्या होत्या. मासिक बंद पडले आणि कचेरीतली मूळ चित्रे रद्दीत गेली. घरी चार पाने राहिली, सगळी कृष्णाच्या एका गोष्टीतली. त्यांना काचबिंदू होता. एक डोळा गेला होता, दुसरा जाण्याच्या वाटेवर होता. दिसते आहे तोवर खुर्चीसमोरच्या भिंतीवर ती पाने असावीत, म्हणून मुलीने ती फ्रेम करायला दिली होती.

"फ्रेमवाल्यानें पानें बदलिलीं," ते म्हणाले.

"मामा, चित्र तर तेच दिसतंय," मुलीच्या मोबाइलवरच्या मूळ पानाच्या फोटोशी ताडून मी म्हणालो.

"चित्र तेंच. माझें नव्हे." त्यांनी फ्रेम उचलून खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. "मला चेहरा एका फटक्यांत कधीं जमला नाहीं. वेगळ्या कागदावर काढायचा, कापायचा, वर डकवायचा. पान तिरपें धरलें की त्या तुकड्याची बारीक सावली पडते. ह्यांत पडते काय?"

पडत नव्हती. तो छापलेला कागद होता. निम्मा आंधळा माणूस मला हे दाखवत होता आणि दोन धडधाकट डोळे असून मला ते दिसले नव्हते.

मी तक्रार नोंदवून घेतली आणि गावातल्या छपाईच्या दुकानांत चौकशी लावली. दुसऱ्याच दिवशी डिजिटल छपाईच्या दुकानदाराचा फोन आला. चित्रांचे फोटो मुलीने मापासाठी फ्रेमवाल्याच्या मोबाइलवर पाठवले होते. त्यावरून त्याने जाड कागदावर चार प्रती छापून नेल्या होत्या. माझ्या लेखी प्रकरण तिथेच सुटले. आमचा भाग मूर्तिचोरीसाठी बदनाम. खरी मूर्ती विकायची आणि नकली जागेवर ठेवायची, हे मी नोकरीभर पाहिलेले. चेन्नईत अशा चित्रांचे शौकीन असतात, हेही ऐकून होतो.

फ्रेमवाला देवळाजवळच्या गल्लीतला, तिसऱ्या पिढीचा. माझ्या खुर्चीमागच्या मुरुगनची तसबीरही त्याच्याच दुकानातली. त्याला बोलावून सकाळी दहापासून बाकावर बसवले.

"कुठे विकलीस?"

"विकली नाहीत, सार."

"कुणाला दिलीस?"

"कुणाला दिली नाहीत, सार."

"मग आहेत कुठे?"

यावर तो खाली पाही. हाच खेळ चार वाजेपर्यंत चालला. एकदा मी हात उगारला, पण मारला नाही, आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. जबाबात लिहिले, 'उडवाउडवीची उत्तरे देतो.'

मग दुकानाची झडती घेतली. हेड कॉन्स्टेबल शिडी लावून माळ्यावर चढला आणि एक चपटे गाठोडे घेऊन अर्ध्यावर थांबला. हळदीत बुडवलेले पिवळे फडके, वर कुंकवाचे बोट.

"सार, खराब झालेली सामीपडम आहेत," फ्रेमवाला हात जोडून म्हणाला.

सामीपडम म्हणजे देवाच्या तसबिरी. काच फुटली, वाळवी लागली की लोक त्या फ्रेमवाल्याकडे टाकून जातात. त्या कचऱ्यात जात नाहीत. तो त्या पिवळ्या फडक्यात बांधून ठेवतो आणि अमावास्येला कावेरीत सोडतो. गावात सगळ्यांना हे माहीत. हेड कॉन्स्टेबलने माझ्याकडे पाहिले. गाठ सोडून पाहू का, असे त्याला विचारायचे होते. तोवर माझे बूट पायातून निघाले होते आणि हातही जोडले गेले होते.

"ठेव परत वर," मी म्हणालो.

झडतीच्या पंचनाम्यात, ज्याला आमच्याकडे महजर म्हणतात, 'आक्षेपार्ह काही मिळाले नाही' असे लिहून मी सही केली.

पुढचे दोन आठवडे मी गिऱ्हाईक शोधत बसलो. चेन्नईला माणूस पाठवला, फोनचे तपशील मागवले, बसच्या पार्सल कचेरीची वही तपासली. म्हाताऱ्यांची मुलगी दर तीन दिवसांनी फोन करायची. शेवटच्या फोनवर म्हणाली, "सर, बाबांना आता पेपरातले मथळेही दिसत नाहीत." मी म्हणालो, तपास चालू आहे. दुसरे काय म्हणणार?

आडी या तमिळ महिन्यातल्या अमावास्येला कावेरीच्या घाटांवर माणूस मावत नाही. तो बंदोबस्त आटपून मी दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गल्लीतून चाललो होतो. फ्रेमवाल्याच्या दारात एक पिवळे फडके वाळत होते. धुतलेले, रिकामे.

मी आत जाऊन स्टुलावर बसलो. प्रश्नसुद्धा आठवेना, इतका कंटाळा आला होता. म्हणून नुसते विचारले, "झालं काय होतं रे?"

तो रडायलाच लागला. रडत रडत त्याने सांगितले ते असे. देवाची छापील तसबीर आली की मागून ओले फडके फिरवायचे, कागद सैल करायचा आणि खळीने हार्डबोर्डवर सपाट चिकटवायचा. आजोबांपासून हीच पद्धत. ही चार पानेही त्याने ओल्या फडक्यात दाबून ठेवली. तासाभराने पाहतो तर रंग पसरलेले आणि कृष्णाचा चेहरा सुटून बोटाला चिकटलेला. चारांपैकी तीन पानांवर तसेच.

"सामीचं तोंड माझ्या हातानं निघालं, सार. हे कुणाला सांगू? तुम्ही विचारत होता, कुठे विकलंस. विकलं नव्हतं."

"त्या दिवशी पानं कुठे होती?"

त्याने माळ्याकडे पाहिले. काल ती नदीत गेली होती.

"आणि चौथं?"

"ते राक्षसाचं पान. त्यात सामी नाही. नदीत कसं सोडणार?"

हार्डबोर्डांच्या थप्पीतून त्याने ते काढून दिले. एका कोपऱ्यात हिरवा रंग फुटला होता. चेहऱ्याचा तुकडा मात्र जागच्या जागी होता.

पान घेऊन मी गृहस्थांकडे गेलो आणि सगळे सांगितले, माझ्या बुटांसकट. ते पान नाकापर्यंत आणून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "पण रंग फुटल्यानें काय होतें? तुकडे सुकूं द्यायचे, परत डकवायचे. माझा अर्ध्या दिवसाचा धंदा. मला सांगायचें होतें."

नोकरीत मी शिव्या खाल्ल्या, दगड खाल्ले. पण त्या वाक्याने जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही.

त्यांनी तक्रार पुढे चालवली नाही. चोरी झालीच नव्हती, असा अहवाल देऊन मी प्रकरण बंद केले. राक्षसाची फ्रेम त्याच फ्रेमवाल्याने केली, या वेळी खळ न लावता, कागद काचेला टेकू न देता. मुलीने जवळ उभे राहून करून घेतली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. शिकून उपयोग काय, दीड वर्षच तर राहिले होते. तरी सांगतो. मी दिवसभर त्या माणसाला माझ्या मनातल्या गुन्ह्याबद्दल विचारत होतो आणि तो प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर देत होता. जबाबात खोटे एकच वाक्य होते, आणि ते मी लिहिले होते.

निवृत्तीनंतर एकदा त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो. दुसराही डोळा गेला होता. ते खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"ऊन भिंतीवर आलें असेल आतां," ते म्हणाले. "जरा बघून सांगा. राक्षसाच्या हनुवटीखालीं सावली पडते काय?"

मी बाजूला जाऊन, वाकून, या वेळी नीट पाहिले.

"पडते, मामा."