दाढ दुखली तरी वाढतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण तरी काय सांगू?

भाईंदर पश्चिमेला आमच्या बिल्डिंगमध्ये रक्ताचा रिपोर्ट आला की लोक डॉक्टरच्या आधी माझ्याकडे यायचे. मी हिशेबखात्यातला, आकडा कंसात दिलेल्या मर्यादेच्या आत आहे की बाहेर, एवढंच सांगायचो. आत आहे म्हटलं की निम्मे लोक डॉक्टरकडे परत जायचेच नाहीत.

तळमजल्यावर जनूभाऊ राहायचे. मूळचे इथलेच, मिठागरवाल्यांच्या घरातले. पाण्याचा टँकर असो, कुणाचं लग्न, कुणाची मयत — जनूभाऊ हवेतच. आमच्याकडे पुरणपोळी झाली की पहिलं ताट त्यांच्याकडे जायचं. तेही चाललं असतं. पण माझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा — वर्षभर रोज संध्याकाळी तिचं गणित मी घेतलं होतं — ती आधी त्यांच्या दारात थांबली. मी वर, दार उघडं ठेवून बसलेलो. जिन्यातून तिचं हसणं ऐकू येत होतं.

त्याच पावसाळ्यात जनूभाऊ रिपोर्ट घेऊन आले. ईएसआर, म्हणजे अंगात कुठे सूज असली की वाढणारा आकडा, बराच चढलेला. कंबर दुखत होती, रात्री लघवीला सारखं उठावं लागत होतं. डॉक्टरांनी प्रोस्टेटसाठी पीएसए म्हणून आणखी एक रक्ततपासणी लिहून दिली होती. तिच्यासाठी तेव्हा मुंबईला जावं लागायचं. जाऊ का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मला ठाऊक होतं. माझा थोरला भाऊ याच वाटेने गेला होता — आधी कंबर, मग असाच चढलेला ईएसआर, मग प्रोस्टेटचा कॅन्सर.

मी म्हणालो, "ईएसआर कशानेही वाढतो, जनूभाऊ. दाढ दुखली तरी वाढतो."

वाक्य खरं होतं, बरं का. खोटं मी सहसा बोलत नाही. पीएसएच्या चिठ्ठीबद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही. ती घडी घालून रिपोर्टखाली सरकवली आणि दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले.

"तू बोललास ना, मंग झाला," ते हसले. "तुझा आकडा कवा चुकला हाय?"

काय हवं होतं मला? ते मरावेत असं नाही. थोडे दिवस अंथरूण धरावं, जिना जरा शांत व्हावा — एवढंच? एवढं तरी का हवं होतं?

दुसऱ्या दिवाळीला त्यांना उभं राहता येईना. तेव्हा तपासण्या झाल्या. कॅन्सर हाडांत पोचला होता.

तेव्हाच तपासणीला गेले असते तर वाचले असते का? कुणीच सांगू शकत नाही. हेही वाक्य खरंच आहे — म्हणून मी ते माझ्या बाजूने वापरत नाही.

त्यांना स्मशानात नेलं त्या दिवशी मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. खूप वेळ रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होतो, आणि मनात तेव्हाही मापच काढत होतो — माझ्यासाठी ही एवढी रडेल का?