सनिकाची रागाची वही

त्या वहीत माझ्या हातून एक अक्षरही चुकलं नाही, कारण सही सोडली तर मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

माझी सनिका नऊ वर्षांची. तिला एडीएचडी आहे. म्हणजे बूड जागेवर टेकत नाही, आणि राग आला की दप्तरासकट अंगावर येते. त्यापायी गेल्या वर्षी शाळेने तिला सहलीला नेलं नाही. यंदा म्हणाले, "थेरपीच्या मॅडमचं पत्र आणा, मग बघू." मुलुंडात आमचं देवगडकडचं कोणी नाही, तेव्हा मला या मॅडमच देवासारख्या. (मी त्यांना सारखी कोकमं नेऊन देते. बिचाऱ्या घेतात.)

मॅडम म्हणाल्या, "ताई, राग आधी अंगात येतो, मग तोंडात. मुठी आवळतात, छाती धडधडते. ते तिला ओळखता आलं की थांबताही येतं. आठवडाभर वहीत लिहा, राग येण्याआधी अंगाला काय होतं."

मी सातवीत शाळा सोडलेली. माझं अक्षर मॅडमना दाखवायची लाज वाटली. म्हणून पोळ्या लाटता लाटता वही सनिकाकडेच ढकलली.

"आई, कोणाच्या अंगाला काय होतं ते लिहू?"

"घरात ज्याला राग येतो त्याच्या. आणि कोणाच्या?"

तिने मन लावून लिहिलं. मी न वाचता खाली सही केली. पूर्ण नावाने.

आठवड्याने आम्ही दोघी वही घेऊन गेलो. मॅडम वाचायला लागल्या. "सोमवार. कान लाल झाले. नाक फुगलं."

"होतं हो तसं तिचं," मी म्हटलं.

"मंगळवार. मान ताठ झाली. लाटणं ओट्यावर आपटलं."

"लाटणं? सनिका, तू कधी गं लाटण्याला हात लावलास?"

"गुरुवार. दात खाल्ले. बाबांना म्हणाली, जावा, तुमच्या आईकडेच जेवा."

"मॅडम, आमच्या घरात असली भाषा नाही!" माझा आवाज जरा चढलाच.

सनिका मॅडमकडे झुकून हळूच म्हणाली, "बघा, कान."

मॅडमनी बघितले. मी ओढणी डोक्यावर घेतली. (देवळातसुद्धा मी ती इतक्या लगबगीने घेत नाही.)

शनिवारचं पान त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. वही माझ्यापुढे सरकवली. "आईचे कान लाल झाले. मला पण राग यायला लागला. मी बाथरूममध्ये जाऊन भिंत ढकलली, मॅडमनी शिकवली तशी. मग मला राग आला नाही. आईला आला."

मला वाटत होतं, मी पोरीवर लक्ष ठेवून आहे. पोर माझ्या कानांकडे बघून दिवस काढत होती.

"मॅडम," मी कसंबसं विचारलं, "आता पत्र नाही मिळणार ना?"

"सनिकाला आजच देते. छान जमतंय तिला. मंगळवारी तुम्ही या. एकट्या."

मंगळवारी सनिका सहलीला गेली आणि मी भिंत ढकलायला. चांगला जोर लावून ढकलत होते, तर मॅडम म्हणाल्या, "ताई, जरा बेताने. पलीकडे दातांचा दवाखाना आहे, पेशंट आ करून बसलाय."