पिल्लाचं स्थळ

आता आमच्या कुत्रीचं ऑपरेशन झालंय. पण आधी तिला पिल्लं झाली की धाड गावच्या बाजारात भेटलेली माणसंही मागायला यायची. कुत्रा सगळ्यांना हवा, कुत्री कोणालाच नको. म्हणून मादी पिल्लं आमच्याकडेच राहायची. पिल्लू देण्याआधी आई मुलीचं स्थळ पाहावं तसं ते घर पाहून यायची. सावली कुठे पडते, पाणी कशात ठेवणार, असं विचारत बसायची. मला भारी लाज वाटायची.

एकदा अशाच एका घरावरून जाताना आम्ही दिलेलं पिल्लू भर उन्हात बांधलेलं दिसलं. आईने दोरी सोडली आणि त्याला काखोटीला मारलं. घरची बाई धावत आली.

“काऊन नेऊन राह्यल्या? तुमीच तं देल्लं व्हतं.”

“देल्लं व्हतं, बाई,” आई म्हणाली. “टाकलं नव्हतं.”