केळबाय जागची हलेना

आमच्या कामात माती सगळीकडे शिरते. डब्यात, वेणीत, घड्याळाच्या काचेखाली. किस्स्यांचंही तसंच. ते मुद्दाम कुणी गोळा करत नाही. कधीतरी जीप झाडायला काढावी, तर सीटखालून लाल धुळीबरोबर दोन-चार निघतातच, आणि मग झाडणं राहतं बाजूला.

जीपमध्ये आम्ही तिघं. परब सर आमचे प्रमुख. जुन्या मूर्ती, सतीशिळा, गुहा, तळ्या शोधायच्या, मोजायच्या, त्यांचे फोटो आणि चित्रं करायची, हे त्यांचं काम. दुसरी मी. पेडण्याची, कॉलेजातून इतिहास घेऊन नुकतीच बाहेर पडलेली, आणि शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी हातातलं भांडं टाकणारी. तिसरा साखळी गावचा बाबलो, ड्रायव्हर. पूर्वी तो खाणीवर टिपर चालवायचा. टिपर सुटला तरी सवय सुटली नाही. आमची जीपही तो मागे दहा टन माल असल्यासारखी आणि नदीवर बार्ज सुटायला आल्यासारखीच पळवायचा. सर कधी त्याला हळू म्हणाले नाहीत. त्यांनाही पोचायची घाई असायची.

त्या वर्षी आमच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे पाळी गावाच्या पलीकडच्या एका वाड्यावरची केळबाय. एका शिळेवर कोरलेली देवी, दोन्ही बाजूंना सोंडेतून तिच्यावर पाणी घालणारे हत्ती. आमच्या कागदांत ती गजलक्ष्मी, वाड्यावर ती केळबाय. तिच्या पाठीमागे खाणीतल्या टाकाऊ मातीचा डोंगर उभा राहिला होता आणि तो दर महिन्याला थोडा थोडा तिच्याकडे सरकत होता. पावसाळ्यात तो खाली येणार आणि शेकडो वर्षांची ती शिळा कायमची गाडली जाणार, हे कुणालाही दिसत होतं. वाड्यावरची घरंसुद्धा ओहोळापलीकडे गेली होती. तिथे तिच्यासाठी घुमटी बांधून तयार होती. आमची जीप, दोर, गाद्या सगळं तयार होतं. अडलं होतं ते तिच्यापाशीच. तिने कौल दिल्याशिवाय तिला हलवायचं नाही, असं गावाने ठरवलेलं. कौल दोनदा लावून झाला होता. केळबाय गप्प होती.

तर तिच्याकडे जाता-येता जे घडलं, ते हे.

*

माझा पहिला दिवस. पेडण्याजवळ एका तळीच्या काठाला जांभ्या दगडात कोनाडा होता. आत अंधार. सर म्हणाले, "तुझा हात बारीक आहे. आत घालून बघ, काही कोरलेलं लागतं का."

मी हात घातला. आधी ओल लागली, मग शेवाळ. आणि मग माझ्या तळव्यावर एक गार तळवा टेकला. पाच बोटं. मी कशी किंचाळले मला आठवत नाही, पण तळीतले बगळे उडाले आणि मी थेट जीपमध्ये जाऊन बसले.

सरांनी बॅटरी मारली. आत एक मूर्ती आडवी पडली होती, आणि तिचा वर झालेला उजवा हात नेमका कोनाड्याच्या तोंडाशी आला होता.

बाबलो माझ्याकडे बघून सावकाश म्हणाला, "बाये, देवान हात दिल्यार धरपाचो. धांवपाचें न्हय."

त्या दिवसापासून मी जीपमध्ये 'दचकेबाई'.

*

सतीशिळेचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी लागते, नाहीतर दगड वीतभर आहे की पुरुषभर ते कळत नाही. एका सकाळी डिचोलीच्या बाजूला आम्ही एका कुळागरात उतरलो. सुपारीच्या झाडांमधून ऊन असं येत होतं की शिळेवरची बाई आत्ताच पाणी भरून आल्यासारखी वाटावी. सर कॅमेरा लावून तयार. मोजपट्टी ऑफिसात.

ऊन सरकत होतं. सरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि बाबलोच्या पिशवीतून एक उंडो काढला, सकाळीच पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून घेतलेला कडक, गरगरीत पाव. तो शिळेच्या पायाशी ठेवला. "ऑफिसात गेल्यावर हा मोजू," म्हणाले. फोटो झाला.

दुसरा फोटो घ्यायला सर वळले, तर उंडो नाही. बाबलो झाडाला टेकून बसला होता आणि त्याचा गाल हलत होता.

"बाबलो, ते माप होतं!"

"म्हाका खंय खबर, सायबा," तोंडातला घास गिळत तो म्हणाला. "म्हाका दिसलें नैवेद्य."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोदेराकडून तसलाच उंडो आणून मोजला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आणला, तर तो बोटभर मोठा. सरांनी पोदेराला विचारलं, तुमच्या उंड्याचं नेमकं माप काय? त्याने सरांकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांच्या तब्येतीची काळजी वाटून मला हळूच विचारलं, "पात्रांवांक बरें ना?"

ती शिळा अजून आमच्याकडे 'अंदाजे साडेतीन उंडे' आहे.

*

जुन्या वस्तीच्या खुणा शोधताना मोठं घबाड मिळतं ते खापरांचं. पेडण्यात एका शेताच्या कडेला आम्ही माती चाळत होतो. त्या शेताची मालकीण, काळ्याशार केसांची, धिप्पाड बाई, सकाळपासून बांधावर बसून होती. सोन्याची वाट बघत होती. तसं ती बोलली नव्हती, पण मी चाळणी हलवली की तीही मान हलवायची.

संध्याकाळी आम्ही दिवसभराचं धन कापडावर मांडलं. काळी खापरं, तांबडी खापरं, एका मडक्याचा काठ. सर त्या काठाकडे असे बघत बसले जसं कुणी लांबून येणाऱ्या बोटीकडे बघावं.

बाई बराच वेळ उभी राहिली. "हेंच?" तिने विचारलं.

"हेंच," सर म्हणाले.

ती आत गेली आणि फुटलेलं मडकं घेऊन आली. कापडावर आमच्या खापरांशेजारी ठेवलं. "घरांत आसा हें. तुमकां जाय जाल्यार व्हरात. परत हे कश्ट काडूं नाकात."

मी हसू दाबत होते. सरांनी मात्र ते मडकं उचललं, त्याचा काठ आमच्या काठाला लावून पाहिला. तीच गोलाई, तोच बाहेर वळलेला ओठ. मध्ये कितीतरी शतकं, आणि कुंभाराचा अंगठा त्याच जागी दाबलेला.

सरांनी ते खरंच आणलं. ऑफिसात दोन्ही शेजारी ठेवलेत. पाहुणे आले की आधी जुनं म्हणून त्या बाईच्या मडक्याचंच कौतुक करतात.

*

डिचोलीजवळ जांभ्यात कोरलेल्या गुहा आहेत. एका गुहेची लांबी घ्यायची होती. मला टेपचं एक टोक देऊन सरांनी आतल्या भिंतीशी उभं केलं. "सोड म्हणेन तेव्हाच सोड," असं सांगून ते दुसरं टोक घेऊन बाहेर गेले आणि वळणाआड दिसेनासे झाले.

मी टोक छातीशी धरून उभी राहिले. आत गारवा होता आणि भिंतीवर टाकीचे घाव होते, पावसाच्या सरींसारखे तिरपे, एकामागून एक. आधी मला भीती वाटली. मग टेप हलकेच ओढली गेली. मग सैल पडली. पुन्हा ओढली गेली. जणू पलीकडे कुणी श्वास घेत होतं. मला हळूहळू वाटायला लागलं की दुसरं टोक सरांच्या हातात नाही, ज्याने ही गुहा कोरली त्याच्याच हातात आहे. तोही माझ्यासारखा उभा आहे, कुणीतरी सोड म्हणायची वाट बघत. आणि गंमत म्हणजे मला त्याची भीती वाटेना.

किती वेळ गेला कोण जाणे. बाबलो हाक मारत आत आला. बाहेर येऊन बघते तर टेपचं दुसरं टोक काजूच्या फांदीला बांधलेलं, फांदी वाऱ्यावर हलतेय, आणि सर दगडावर बसून बोंडू खातायत.

"अगं, तू अजून धरूनच होतीस?"

"तुम्ही सोड म्हणाला नाहीत."

सर बोंडू हातात तसाच धरून म्हणाले, "हिला केळबायपाशी बसवायला हवं. चित्र काढायला."

*

म्हणून मी केळबायपाशी बसले. ती जागेवरून निघायची असेल किंवा गाडली जायची असेल, दोन्हींच्या आधी तिचं बारकाईने चित्र हवं होतं. रोज सकाळी बाबलो मला सोडायचा. मी समोर बसून एकेक बांगडी, हत्तीचा एकेक दात उतरवायची. एका हत्तीचा कान तुटला होता. मागे मातीच्या ढिगावरून मधूनच एखादा गोटा गडगडत यायचा आणि तिच्या पाठीशी थांबायचा.

दुपारी खाणीवर सुरुंगाआधी भोंगा व्हायचा. भोंगा होणार हे मला माहीत असायचं. तरी रोज माझ्या हातून पेन्सिल पडायची आणि मी जे हाताशी असेल ते घट्ट धरायची. हाताशी असायची केळबाय. मग सुरुंग व्हायचा, जमीन थरथरायची, तिची शिळाही माझ्या हाताखाली थरथरायची, आणि सगळं शांत झालं की मी हळूच हात काढून घ्यायची.

दिवा लावायला येणारे वामन गुरव हे लांबून बघायचे.

तिसऱ्यांदा कौल लावायचा दिवस आला. आता नाही तर नाही. ढिगाला वरच्या बाजूने चीर गेली होती. ओहोळापलीकडून सगळा वाडा आला. गुरवांनी शिळेवर पाणी शिंपडलं आणि लाल पिटकोळीच्या ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "माते, हांगा तुजें बरें ना. पलतडी येतां मगे?"

कळ्या जिथल्या तिथे.

पुन्हा विचारलं. नाही.

सर मान खाली घालून उभे होते. मग गुरव मागे सरले आणि म्हणाले, "तिका म्हज्या आवाजाचो कंटाळो आयला." आणि माझ्याकडे वळले. "गो चेडवा, तूं विचार. भोंगो जालो काय तूं तिकाच धरता. तुमची वळख जाल्या."

मी सरांकडे पाहिलं. बायांनी मला वाट दिली.

"म्हाका येना," मी म्हटलं.

"मनांत विचारल्यार पुरो."

मी तिच्यासमोर हात जोडून उभी राहिले. आणि नेमका भोंगा झाला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आता सुरुंग होणार, जमीन हलणार, कळी पडणार, आणि तो कौल धरायचा की नाही यावर गावात वाद होणार. बाबलोने तर डोळेच मिटून घेतले.

सुरुंग झाला. पायाखालची जमीन हलली. ढिगावरून दोन गोटे खाली आले. कुणाच्या तरी हातातली घंटा आपोआप किणकिणली.

कळ्या हलल्या नाहीत.

मग धूळ खाली बसली. इतकी शांतता झाली की ओहोळाचं पाणी ऐकू यायला लागलं. आणि त्या शांततेत, कशाच्याही धक्क्याशिवाय, उजवी कळी सुटली. पाण्याच्या थेंबासारखी देवीच्या खांद्यावरून घरंगळली आणि माझ्या पायाशी येऊन पडली.

गुरवांनी कळी उचलून माझ्या ओंजळीत ठेवली. बाया रडत होत्या. पुरुषांनी दोर सोडायला घेतले.

तिच्याच जुन्या पातळांत गुंडाळून तिला जीपमध्ये ठेवलं, खाली गवताच्या पेंढ्या. मी मागे तिच्याजवळ बसले. बाबलोने सवयीप्रमाणे गाडी सुरू केली ती जोरातच. पहिल्या खड्ड्यात जीप आदळली, आणि मी दोन्ही हातांनी तिला धरलं.

सर पुढच्या सीटवरून मागे वळले. त्यांचा देवावर विश्वास नाही, ते कुणाला सांगतही नाहीत. त्यांनी विचारलं, "तू विचारलंस काय? पलीकडे येशील का, हेच ना?"

"ते मी विसरले, सर. भोंगा झाला ना."

"मग?"

"मग एकदम जे मनात आलं ते विचारलं. म्हाका भंय दिसता, तुकाय दिसता गो?"

सर माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या हातांखालच्या पातळाच्या गाठोड्याकडे. मग पुढे वळून त्यांनी बाबलोच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबलो, सावकास चलय. फाटल्यान दोगींकय भंय दिसता."