पाण्याखालचा विमा

प्रतिभाताई विधाते पोहायला शिकल्या त्या मखमलाबादच्या मळ्यातल्या विहिरीत. वडील बहिरूअण्णा शेवंती आणि झेंडू लावायचे. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्यांनी सात वर्षांच्या पोरीला पाण्यात सोडलं आणि स्वतः काठावर बसून फुलं निवडत राहिले. मुलीला पोहता यावं अशी त्यांची फार हौस होती असं नाही. पोरगी सारखी विहिरीकडे पळते, तेव्हा तिला पोहता आलेलं बरं, एवढंच.

पुढे तेच पोहणं त्यांचं पोट भरायच्या कामी आलं. नाशिकमधल्या एका तरण तलावावर त्या बायकांची सकाळची बॅच घ्यायला लागल्या, त्याला आता बावीस वर्षं झाली. साडी सांभाळत काठावर उभ्या राहणाऱ्या, 'मला नाही जमायचं' म्हणणाऱ्या कितीतरी जणींना त्यांनी पाण्यावर तरंगायला शिकवलं. त्या ओरडत नसत. शिकणारीच्या हनुवटीखाली हात धरून मागे मागे चालत राहायच्या आणि हात कधी काढला ते तिला कळू द्यायच्या नाहीत.

चव्वेचाळिसाव्या वर्षी बॅचबरोबर त्या तारकर्लीला गेल्या, तेव्हा पहिल्यांदा पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात उतरल्या. वीस मिनिटांचा खेळ होता. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय दिसलं?"

"मासे दिसले," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आवाजच नाही हो तिथं. आपला श्वास तेवढा ऐकू येतो."

त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी अंदमानात जाऊन आधी साधा कोर्स केला, मग वरचा. तीस मीटरपर्यंत उतरता येईल असं प्रमाणपत्र मिळालं. त्यांचं बघून बॅचमधल्या चौघींनी अठरा मीटरपर्यंतचा कोर्स पुरा केला. त्यातली हर्षाली सगळ्यात लहान, एकतीस वर्षांची. इंदिरानगरला तिचं औषधांचं दुकान आहे. फेब्रुवारीत पाचजणींनी मिळून अंदमानला जायचं ठरलं. स्कूबाच्या केंद्रानं कळवलं की प्रतिभाताई चौघींना घेऊन येताहेत, तर ताईंचं पाण्यात उतरणं फुकट.

नवरा नवनाथ वीज कंपनीत लाइनमन. तिकिटं काढायच्या दिवशी तो म्हणाला, "खांबावर चढताना आम्हाला कमरेचा पट्टा लागतो. तुझा पट्टा कुठंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही झालं तर पुढं काय? कुठं नेणार, कोण नेणार?"

 दुसऱ्या दिवशी त्या दिंडोरी रोडला विमा एजंट गोरक्ष बोरस्ते यांच्या ऑफिसात गेल्या.

गोरक्षभाऊ मूळचे सायखेड्याचे. ट्रॅक्टर, पिकअप, दुकानं, मेडिक्लेम असे विमे ते पंचवीस वर्षं उतरवत आले होते. विधात्यांच्या घरची मेडिक्लेमही त्यांच्याकडचीच. ताईंचं बोलणं ऐकून ते आधी सहज म्हणाले, "मेडिक्लेम हाय ना आपली. मग काळजी कसली?" आणि लगेच हात वर केला. "थांबा. न वाचता बोलायचं नाय. मला आठ दिवस द्या."

ही सवय त्यांना एका जुन्या प्रकरणानं लागली होती. निफाडकडच्या एका ओळखीच्या माणसाची पत्र्याची शेड वादळात उडाली, आणि पॉलिसीत पक्क्या भिंतींची अट होती ती गोरक्षभाऊंनी वाचलीच नव्हती. त्या माणसानं भांडण केलं नाही, नुसतं बोलणं सोडलं. तेव्हापासून ते प्रत्येक कागद ओळीखाली पट्टी धरून वाचत.

आठ दिवसांनी त्यांनी टेबलावर कागदांचे तीन गठ्ठे मांडले. बारीक अक्षरांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"ताई, मला आधी हे सांगा, ते बुडबुड्यांचं काय असतं? सगळीकडं तेच लिहिलंय."

ताईंनी समजावलं. खोल पाण्यात दाबाखाली हवा अंगात मुरते. माणूस सावकाश वर आला तर ती हळूहळू निघून जाते. भरभर वर आला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात. सांधे धरतात, हातपाय बधिर होतात, कधी जिवावर बेततं. मग माणसाला दाबाच्या बंद टाकीत तासन्‌तास ठेवून प्राणवायू द्यावा लागतो. अशा टाक्या देशात मोजक्याच ठिकाणी आहेत.

"म्हणजे खर्च दवाखान्याचा कमी अन्‌ तिथवर पोचायचा जास्त," गोरक्षभाऊ म्हणाले. "मग आता ऐका. ही आपली मेडिक्लेम. दवाखान्यात भरती केलं तर देईल. बोटीचं, हेलिकॉप्टरचं काही देणार नाय. हा दुसरा, प्रवास विमा. सहलीपुरता. सामान हरवलं, विमान चुकलं, हात मोडला, सगळं हाय. साहसी खेळ परवाना असलेल्या केंद्रात केले तर चालतात म्हणे. पण त्या टाकीबद्दल एक शब्द नाय. मी फोन केला. पोरगी म्हणाली, मिळेल सर. म्हटलं, मेलवर लिहून द्या. चार दिवस झाले, मेल काही येईना."

"आणि तिसरा?"

"ही पाण्यात बुड्या मारणाऱ्यांची संघटना हाय. सभासद झालं की वर्षभराचा विमा. टाकी, डॉक्टरचा सल्ला, तिथपर्यंत न्यायची सोय, सगळं त्यात. अटी दोन. तुमच्या प्रमाणपत्रापेक्षा खोल जायचं नाय. अन्‌ काही झालं की आधी त्यांच्या नंबरवर फोन. आपल्या मनानं दवाखाना गाठला तर ते बघणार नायत. पण पाण्याबाहेर पाय मोडला, ताप आला, तर याचा उपयोग शून्य." त्यांनी कागद पुढे सरकवला. "हा माझ्याकडं मिळत नाय. तुम्हालाच ऑनलाइन घ्यावा लागंल. माझं मत विचाराल तर हा घ्या अन्‌ मेडिक्लेम चालू ठेवा. प्रवास विमा नाही घेतला तरी चालंल."

ताई उठायला लागल्या तसं ते म्हणाले, "बसा. अजून एक शब्द राहिलाय." मेडिक्लेमच्या कागदावर त्यांनी एका ओळीखाली दोनदा रेघ मारली होती. "साहसी खेळात 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतला तर भरपाई नाय. संघटनेचंही तसंच. हौशी माणसाचा विमा वेगळा, शिकवणाऱ्याचा वेगळा. आता सांगा, तुम्ही कोण?"

"मी हौशी. तलावावर शिकवते, समुद्रात नाही."

"मग केंद्रवाले तुम्हाला फुकट का नेताहेत?"

 हे ताईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"उद्या कोणी म्हणालं, चार बायका आणल्या त्याचा हा मोबदला, तर? तुम्ही आपले पैसे भरा अन्‌ पावती नावानं घ्या."

ताईंनी तसंच केलं. केंद्रवाल्यांना नवल वाटलं. पाचही जणींनी संघटनेचा विमा घेतला. हर्षालीनं तो फोन नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिला.

अंदमानातले पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन प्रशिक्षकांपैकी एकाला सर्दी झाली, आणि सर्दीत पाण्याखाली जाता येत नाही. उरलेला प्रशिक्षक ताईंना म्हणाला, "मॅडम, तुमचा वरचा कोर्स झालाय. मी पुढे राहतो, तुम्ही सगळ्यांच्या मागे राहा. नजर ठेवा फक्त."

ताई हो म्हणाल्या. इतकी वर्षं बायकांच्या मागे राहूनच त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नाही.

सोळा मीटरवर हर्षालीच्या नाक-डोळे झाकणाऱ्या चष्म्यात पाणी शिरलं. तिला ते काढता येत होतं, शिकलीही होती, पण त्या क्षणी नाकात पाणी गेलं आणि ती घाबरली. तिनं पाय मारले आणि सरळ वर निघाली. ताईंनी तिचा पट्टा पकडला. तिला थांबवता येईना, तेव्हा तिच्याबरोबर वर जात, जमेल तितकं तिला खाली ओढत, वेग कमी करत त्या पृष्ठभागावर आल्या. हर्षाली बोटीच्या दोरीला धरून खोकत राहिली. ती ठीक आहे आणि बोटवाल्यानं तिला धरलंय असं पाहून ताई पुन्हा खाली गेल्या, कारण तिघी खाली होत्या आणि त्यांच्या मागे कोणी नव्हतं.

तासाभरानं किनाऱ्यावर नारळपाणी पिताना ताईंचा डावा खांदा दुखायला लागला. सिलिंडर उचलताना लचकला असेल, असं त्या म्हणाल्या. मग त्यांच्या हातातून शहाळं निसटलं.

"ताई, बोटं हलवा," हर्षाली म्हणाली.

"हलताहेत की."

"हातात काय धरलंय ते सांगा. बघू नका."

ताईंना सांगता येईना. हर्षालीनं त्यांच्या हातात आपली अंगठी ठेवली होती.

ताईंना खोलीवर जाऊन पडायचं होतं. हर्षालीनं त्यांचं ऐकलं नाही. तिनं संघटनेच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरनं किती खोल, किती वेळ, कितीदा वर-खाली, सगळं विचारलं. घाईनं वर येऊन पुन्हा खाली गेल्यानं बुडबुडे झाले असणार, असं म्हणत त्यानं सांगितलं की ताबडतोब प्राणवायू लावा, पाणी पाजा, विमानानं नेऊ नका. त्यानंच बोटीची सोय केली. दुपारी चारच्या सुमारास ताई पोर्ट ब्लेअरला पोचल्या आणि त्यांना टाकीत नेलं गेलं. तीन दिवसांत तीनदा. आतल्या काचेतून त्यांना बाहेर बसलेली हर्षाली दिसायची. ती रडून डोळे सुजवून बसलेली असायची, आणि ताई तिला आतून हातानं खुणावायच्या की जेवून घे.

विमानाची परवानगी मिळाल्यावर त्या घरी आल्या. पण हात पुन्हा जड वाटायला लागला म्हणून नाशिकच्या एका रुग्णालयात चार दिवस भरती व्हावं लागलं. तिथंच संघटनेचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: घटनेच्या वेळी तुमच्यावर इतर कोणाच्या देखरेखीची जबाबदारी होती का?

त्याच दिवशी केंद्राच्या मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, मागे राहायला आम्ही सांगितलं, असं लिहू नका. आमचा परवाना अडचणीत येईल. तुमच्याही क्लेमला ते बरं नाही. लिहा की कानात दुखलं म्हणून वर आले."

हर्षाली पलंगाशी उभी होती. ती म्हणाली, "ताई, माझं नाव टाळलंत तरी चालेल. तुमचं नुकसान नको."

भेटायला आलेल्या गोरक्षभाऊंना ताईंनी विचारलं. त्यांनी आधी फॉर्मची प्रत्येक ओळ पट्टी धरून वाचली. "तुमच्या पाण्यातल्या घड्याळात खोली-वेळ सगळं नोंदलंय," ते शेवटी म्हणाले. "कधी वर गेल्या, कधी खाली. कारण खोटं लिहिलं अन्‌ आकडे जुळले नाय, तर हातचं जाईल. पण आकडे नसते तरी मी काय सांगितलं असतं, ते मला माहीत नाय."

"मी तिला धरायला गेले," ताई म्हणाल्या. "ते सोडून मी दुसरं काय लिहू?"

फॉर्म उजव्या हातानंच भरायचा होता, त्यामुळे अडचण आली नाही. मागे राहायला सांगितलं होतं आणि आपण हो म्हटलं होतं, हे त्यांनी साध्या शब्दांत लिहिलं. हर्षालीचं नाव लिहिलं. पैसे स्वतः भरल्याची पावती जोडली.

संघटनेनं दोन पत्रं पाठवून आणखी चौकशी केली आणि दोन महिन्यांनी बोट आणि टाकी दोन्हींचा खर्च मंजूर केला. मोबदला न घेता सोबतच्या माणसाला मदत करणं हा व्यवसाय होत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मेडिक्लेम कंपनीनं मात्र नाशिकच्या चार दिवसांचा दावा फेटाळला. कारण म्हणून तोच शब्द लिहिला होता: व्यावसायिक. गोरक्षभाऊंनी आधी कंपनीकडे हरकत घेतली, मग विमा लोकपालांकडे तक्रार केली. सुनावणीच्या दिवशी ते स्वतः ताईंबरोबर गेले. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पट्टी खिशात होती. निकाल ताईंच्या बाजूनं लागायला सात महिने गेले.  निकालाचा कागद घेऊन परतताना दोघं वाटेत चहाला थांबले तेव्हा गोरक्षभाऊ म्हणाले, "लय दिवसांनी एक काम पुरतं झालं."

डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांतली बधिरता राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभरानंतर तपासणी करून, कमी खोलीपर्यंत पुन्हा जाता येईल. ताईंनी तपासणी केली. ती चांगली आली. पण त्या गेल्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणत, भीती नाही, पण आता मागे कोण आहे हेच बघत राहीन, समुद्र दिसायचा नाही. नवनाथनं त्यावर काही मत दिलं नाही. त्याला आतून बरं वाटलं असावं.

हर्षाली वर्षभर पाण्याकडे फिरकली नाही. मग एक दिवस सकाळी तलावावर आली आणि चष्म्यात पाणी भरून ते काढायचा सराव करायला लागली. रोज तीसदा. ताई काठावर उभ्या राहून मोजायच्या, चुकलं तर सांगायच्या. पुढच्या हिवाळ्यात ती दुसऱ्यांना वाचवायचा कोर्स करायला अंदमानला गेली. ज्या दिवशी तिचं विमान होतं त्या दिवशी ताई तिला निरोप द्यायला जाऊ शकल्या नाहीत. बॅचला सहा नव्या बायका आल्या होत्या, आणि त्यातली एक अजून पायरीवरच बसून होती.